पाहुण्यांसाठी भरलेलं तळं

झ्वोले, नेदरलँड्स
१२ सप्टेंबर २०२३

तीर्थरूप नाना,
साष्टांग नमस्कार.

फोनवर मी विचारते, "पाय दुखायचा थांबला का?" आणि तुम्ही सांगता, "कपाशी बरी आहे." भूपेंद्रदादाने आणलेलं कानाचं यंत्र तुम्ही कपाटात ठेवून दिलंय, हे मोठ्या मायने मला सांगितलंय. तेव्हा यापुढे पत्र. पोहोचायला दोन-तीन आठवडे लागतील, पण निदान विचारल्याचं उत्तर मिळेल.

एक बातमी आहे. आमच्या संस्थेने तीन देशांना बरोबर घेऊन एक काम काढलंय. नेदरलँड्स, केनिया आणि भारत. प्रत्येक देशातली एक लहान पाणथळ जागा निवडायची, तळं म्हणा, दलदल म्हणा, आणि तिथलं पाणी शेतीला, माणसांना, पाखरांना पुरून कसं उरेल हे तिघांनी एकमेकांकडून शिकायचं. भारतातली जागा सुचवायचं काम माझ्याकडे आलं. मी आपलं आमोदखेड्याचं तळं सुचवलं, आणि काल ते मंजूर झालं.

नाना, पडद्यावर जगाचा नकाशा होता आणि त्यात नंदुरबारजवळ एक निळा ठिपका. शेजारी आनेके बसली होती, ती या कामाची प्रमुख. ती गावाचं नाव उच्चारायला धडपडत होती. मला रडू येत होतं आणि ते दाखवायची सोय नव्हती.

कारण ते माझं गाव आहे हे मी तिथे सांगितलेलं नाही. स्वतःच्या घरचं नाव स्वतःच पुढे केलं असं दिसलं तर जागा रद्द होते. पाणीवापर संस्थेचे अध्यक्ष म्हणून सगळे कागद तुमच्याकडेच येतील. तुम्ही माझे काका आहात, मोठी माय माझी काकू आहे, हे मात्र पाहुण्यांपुढे बोलू नका. पाटील आडनावावरून कुणाला शंका यायची नाही, अर्धा खानदेश पाटील आहे.

बाबा गेल्यावर तुम्ही मला वाढवलंत, शिकवलंत, इथवर पाठवलंत. त्यातलं थोडं तरी गावाला परत करता येईल असं पहिल्यांदाच वाटतंय.

तुमची
चेतना


आमोदखेडे
८ ऑक्टोबर २०२३

चि. चेतनास अनेक आशीर्वाद.

पत्र मिळालं. कानाचं यंत्र ठेवून दिलं, कारण त्यातून आपल्या पोराचं, भूपेंद्रचं, बोलणं ऐकू येतं.

तुझ्या निळ्या ठिपक्याचं मोठ्या मायला सांगितलं. ती म्हणाली, "ठिपका कसाले काढा? आपलं तळं केवढं मोठं शे." तू कुणाची कोण हे गावाला ठाऊक आहेच, पण पाहुण्यांपुढे कुणी तोंड उघडणार नाही, ते मी बघतो.

मला एवढंच सांग, हे लोक आल्यावर तळ्याचं काय करणार? तळं सरकारचं, पाणी आपल्या पाणीवापर संस्थेचं आणि गाळ भिलाटीचा, ही आपल्याकडची वाटणी. दिवाळीनंतर आपण चाक फिरवून बांधातली मोरी उघडतो, पाणी पाटाने गव्हा-हरभऱ्याला जातं. तळं उतरतं. पाणी जसजसं मागे सरकतं तसतशी भिलाटीतली भिल्लांची घरं उघड्या पडलेल्या ओल्या गाळात टरबूज, काकडी, डांगर लावत पुढे जातात. या गाळपेऱ्याला ना सातबारा ना पावती. माझा बाप सांगायचा आणि आता मी सांगतो, बाई, इथून इथपर्यंत तुझं. ती तिथे दगड ठेवते आणि तो दगड कुणी हलवत नाही.

रमिलाबाईला तू ओळखतेस. लहानपणी तिने तुला काकड्या चोरताना धरलं होतं आणि वर आणखी दोन देऊन घरी पाठवलं होतं. नवरा साप चावून गेला तेव्हापासून ती गाळपेऱ्यावरच उभी आहे. गाळपेरा असला की ती वर्षभर गावात राहते. नसला की मुलगा-सून, नातवंडं घेऊन तिला गुजरातेत ऊस तोडायला जावं लागतं. तेवढं तुझ्या तीन देशांच्या कानावर घाल.

पाहुणे काय खातात ते कळव. वरणबट्टी चालेल ना?

तुझा
नाना


झ्वोले
२ नोव्हेंबर २०२३

तीर्थरूप नाना,
सा. न.

वरणबट्टी चालेल, फक्त मिरचीला हात आखडता घ्या.

गाळपेऱ्याचं माझ्या लक्षात आहे. मी ते कसं विसरेन? असंच काही शिकायला तर ही माणसं येताहेत. ती फेब्रुवारीच्या मध्याला येतील. नंदुरबारच्या हेमांगीबाई आमच्या तिथल्या प्रतिनिधी आहेत, त्या दुभाषाचं काम करतील. पाणी कुठवर असतं ती रेषा मोजून नकाशावर घेतली जाईल आणि पुढची सगळी आखणी त्या रेषेवरून होईल.

मी येणार नाही. आले तर मोठ्या मायला बघून माझाच बांध फुटायचा. तुम्ही उगाच थाटमाट करू नका. तळं जसं आहे तसं दाखवा.

चेतना


आमोदखेडे
१८ फेब्रुवारी २०२४

चि. चेतनास आशीर्वाद.

पाहुणे आले, जेवले, गेले. बट्टी चमच्याने खाल्ली. केनियाच्या साहेबांनी मात्र हाताने कुस्करून खाल्ली आणि परत मागितली. मोठी माय त्यांच्यावर खूश आहे.

तू लिहिलंस, जसं आहे तसं दाखवा. पोरी, माणसं समुद्र ओलांडून आमचं तळं बघायला येणार, आणि फेब्रुवारीत तिथे असतं काय? मधोमध डबकं आणि भोवती चिखल. पाहुणा दारात आला की आपण रिकामा हंडा समोर आणत नाही. सून चुकून रिकामी घागर घेऊन बाहेर निघाली तर तुझी मोठी माय तिला पदराला धरून आत ओढते. आणि मी रिकामं तळं दाखवायचं? दिवाळीनंतर मी मोरी उघडलीच नाही. शेतकऱ्यांना सांगितलं, यंदा विहिरीवर, बोअरवर गहू काढा, गावाच्या इभ्रतीचा प्रश्न आहे. कुरकुरले, पण ऐकलं.

भिलाटीत मी स्वतः गेलो होतो. रमिलाबाई म्हणाली, "नाना, गाळ उघडा नही पडना ते आम्ही कोठे पेरसूत?" मी म्हटलं, "एकच वरीस. पुढला वरीस जसं व्हतं तसंच." ती म्हणाली, "तुम्ही सांगतस ना, मंग ठीक शे." सगळी घरं खांडबाऱ्याहून गाडी धरून सुरतेकडे ऊसतोडीला गेली. मला वाईट वाटलं, नाही असं नाही. पण एका वर्षाचा प्रश्न होता.

तळं मात्र काय दिसत होतं म्हणून सांगू. काठोकाठ. आनेकेबाईने काठावर उभं राहून हेमांगीबाईंच्या तोंडून विचारलं, "एवढं पाणी या दिवसांत दरवर्षी असतं?" मी म्हटलं, "देवाची कृपा." मोजणीवाल्यांनी पाण्याच्या कडेकडेने झेंड्या लावल्या. जाताना ती बाई म्हणाली, आमच्याकडेही एक चेतना पाटील आहे. मी म्हटलं, छान नाव आहे.

मोठी माय दाराआडून हसत होती.

तुझा
नाना


झ्वोले
१४ मार्च २०२४

तीर्थरूप नाना,
सा. न.

फोटो पाहिले. आनेके सगळ्या कार्यालयाला दाखवत फिरतेय. उन्हाळ्याच्या तोंडावर एवढं पाणी राखून ठेवणारं गाव तिने कुठे पाहिलेलं नाही म्हणे. तिने मला विचारलं, ही माणसं कशी असतील? मी म्हटलं, शहाणी असतील.

आमोदखेडं आता तिन्ही देशांत नमुना म्हणून दाखवलं जाणार आहे. मे महिन्यात नैरोबीला बैठक आहे आणि तिथे मांडणी मी करणार आहे. माझा करारही वाढला, त्यामुळे इथे राहायच्या परवानगीची टांगती तलवार काही वर्षं टळली. हे सगळं तुमच्या तळ्यामुळे झालं.

करारनामा हेमांगीबाई घेऊन येतील. मराठी गोषवारा जोडलेला आहे. सही करून टाका.

मोठ्या मायला सांगा, केनियाचे साहेब अजून बट्टीची आठवण काढतात.

चेतना


आमोदखेडे
१० नोव्हेंबर २०२४

चि. चेतनास आशीर्वाद.

तुझ्या मार्चच्या पत्रात सगळं होतं, रमिलाबाई नव्हती. तेव्हा मला वाटलं, घाईत राहिलं असेल. म्हणून मीही काही लिहिलं नाही.

दसऱ्यानंतर तळ्याभोवती पिवळे खांब पुरले गेले. मागे झेंड्या होत्या तिथेच, म्हणजे पार काठोकाठ. फलकावर तिन्ही देशांची निशाणं आहेत आणि खाली लिहिलंय, खांबांच्या आत शेती, चराई व वावर यांस मनाई. दिवाळीनंतर मी मोरी उघडायला गेलो तर चाकाला नवं कुलूप. हेमांगीबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, मार्च संपेपर्यंत पाणी रेषेखाली जाऊ द्यायचं नाही असं करारात आहे, आणि सही तुमचीच आहे. आहे खरी. तुझा कागद म्हणून मी डोळे झाकून केली.

रमिलाबाई पावसाळ्यात परत आली ती बारडोलीहून टरबुजाचं बी घेऊन. ऊसतोडीची आगाऊ उचल न घेता ती गावात थांबली, कारण मी सांगितलं होतं एकच वर्ष. परवा ती खांबापाशी उभी होती. म्हणाली, "नाना, ह्या खांब कितला दिन ऱ्हातीन?" म्हणून हे पत्र.

आणखी एक. गेल्या हिवाळ्यात लांब पायांची पाखरं उतरलीच नाहीत. चिखल नाही तर ती चोच कशात खुपसतील? हे तुला माहीत आहे. मोजायला आलेल्या मंडळींना माहीत नाही, कारण त्यांनी तळं फक्त भरलेलं पाहिलंय.

तू एक कर. तुझ्या अहवालात एक ओळ लिही. त्या वर्षी पाणी पाहुण्यांसाठी अडवलं होतं, एरवी तळं उतरतं आणि लोक गाळात पेरतात. वाटलं तर म्हण, अध्यक्ष म्हातारा आहे, त्याने मूर्खपणा केला. खांब खाली सरकव. मग मला तुझ्याकडून काही नको.

नाना


झ्वोले
५ डिसेंबर २०२४

तीर्थरूप नाना,
सा. न.

तुमचं पत्र मी शांतपणे वाचलं. तुम्हीही हे शांतपणे वाचा.

ती रेषा आता फक्त माझ्या हातात नाही. तिन्ही देशांच्या समितीने ती मान्य केली आहे. बदलायची म्हटलं तर आधीची मोजणी चुकीची होती असं लिहावं लागेल. मग ती का चुकली, कुणामुळे चुकली, याची चौकशी लागेल आणि केनियातल्या दलदलीचं कामही अडकेल. तिथल्या कोळ्यांचा यात काय दोष?

विस्थापित होणाऱ्यांसाठी पर्यायी उपजीविकेची तरतूद आहे. रमिलाबाईंसारख्या महिलांना पक्षी दाखवण्याचं प्रशिक्षण देता येईल. दुर्बीण, गणवेश, ओळखपत्र, सगळं मिळेल. पाखरं कमी झाल्याची नोंद अहवालात आहे. कारण "मानवी वावर" असं दिलंय. ते पुढच्या आढाव्यात तपासून घेता येईल.

मी प्रयत्न करतेय. या गोष्टींना वेळ लागतो.

चेतना


आमोदखेडे
२७ डिसेंबर २०२४

चि. चेतना,

"विस्थापित होणाऱ्यांसाठी." हा शब्द तू कुठे शिकलीस? मी तुला शिकायला पाठवलं ते हे शिकायला नव्हे.

प्रशिक्षण झालं. शाळेत एक दुपार. दुर्बीण आली नाही, टोपी आली, तिच्यावर पाखराचं चित्र आहे. रमिलाबाईने ती टोपी घरात खुंटीला अडकवली आणि तिच्यात टरबुजाचं बी ठेवलंय.

मला एकाच गोष्टीचं उत्तर दे. फेब्रुवारीत आपलं तळं भरलेलं तू जन्मात कधी पाहिलं होतंस? मग फोटो बघून तुला काहीच कळलं नाही?

नाना


झ्वोले
१७ जानेवारी २०२५

तीर्थरूप नाना,

कळलं होतं. पहिला फोटो उघडला तेव्हाच कळलं. आणि तुमचं पत्र तर त्या फोटोंच्या मागोमाग आलं होतं, त्यात सगळं लिहिलेलं होतं. मग आनेकेने माझी पाठ थोपटली आणि मी गप्प बसले.

पण तळं मी भरलं नाही, नाना. तुम्ही भरलंत. मी जसं आहे तसं दाखवा असं लिहिलं होतं. भिलाटीला शब्द तुम्ही दिलात. सही तुम्ही केलीत. आणि आता खांब मी हलवायचे?

मी उद्या तोंड उघडलं तर पहिला प्रश्न येईल, तुला कसं माहीत? मग गाव निघेल, मग तुम्ही निघाल. नोकरी जाईल आणि तिच्याबरोबर इथलं राहणंही. माझ्या जागी दुसरं कुणी येईल, त्याला गाळपेरा म्हणजे काय हेही समजणार नाही. मी इथे असले तर पुढेमागे काही करू तरी शकेन.

२० फेब्रुवारीला पाहुणे पुन्हा येताहेत. तेव्हा काही बोलू नका. कृपा करून एक वर्ष कळ काढा.

चेतना


आमोदखेडे
२४ फेब्रुवारी २०२५

चि. चेतना,

तू लिहिलंस ते खरं आहे. तळं मी भरलं. म्हणून ते रिकामंही मीच केलं.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी हातोडा घेऊन गेलो आणि कुलूप तोडलं. भरदिवसा. या वयात पाच-सहा घाव घालावे लागले, दम लागला. चाक फिरवलं. पाणी पाटाने गेलं आणि नाल्यातही गेलं. शेतकरी बघत होते, कुणी पुढे आलं नाही, कुणी अडवलंही नाही. मग मी भिलाटीत जाऊन सांगितलं, गाळ उघडा पडतोय, पेरा. रमिलाबाईने विचारलं, "खांबना काय?" मी म्हटलं, "खांब मन्हा डोकावर." मग बाया-माणसं उतरली आणि आपापल्या दगडांपाशी गेली.

पाहुणे आले तेव्हा डबकं होतं, चिखल होता आणि चिखलात वाफे होते. आनेकेबाईचा चेहरा पडला. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. गेल्या खेपेला तुम्हाला दाखवलं ते खोटं होतं, हे खरं आहे, कुलूप मी तोडलंय, या लोकांचा दोष नाही. मी बराच वेळ बोललो. हेमांगीबाईंनी त्याचं इंग्रजी दोन वाक्यांत संपवलं. बाईने मान हलवली आणि फोटो काढले, रमिलाबाईचे, वाफ्यांचे, तुटलेल्या कुलपाचे. माझा नाही काढला.

तुझं नाव मी घेतलं नाही.

एक मात्र झालं. परवा सकाळी चिखलात लांब पायांची दहा-पंधरा पाखरं उतरली होती. मी मोठ्या मायला बोलावून दाखवली.

नाना


झ्वोले
१५ मार्च २०२५

तीर्थरूप नाना,
सा. न.

तुम्ही असं काही कराल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं. इथे काय वादळ उठलंय याची तुम्हाला कल्पना नाही.

मोरी फोडणं म्हणजे कराराचा भंग. तक्रार करणं भागच होतं, नाहीतर तिन्ही देशांनी हात काढून घेतला असता. आनेकेने मला थेट विचारलं, अध्यक्ष म्हणतात, कुलूप त्यांनीच तोडलं, ते खरं असेल का? मी म्हटलं, म्हातारे गृहस्थ आहेत, गावातल्या गरिबांना वाचवायला स्वतःवर घेत असतील. तिला ते पटलं. तिला तुमच्याबद्दल आदरच वाटला.

मी लिहिलेल्या तक्रारीत "स्थानिक अतिक्रमणधारक" एवढंच आहे आणि सोबत फोटो आहेत. तुमचं नाव मी कुठेही येऊ दिलेलं नाही. या वयात तुम्हाला ठाण्याच्या पायऱ्या चढायला लागू नयेत, एवढं तरी मला करता आलं.

आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, रजा काढून येतेय. मोठ्या मायला सांगा. तेव्हा समोरासमोर बोलू, माझ्यावर काय चिडायचं ते तेव्हा चिडा.

तुमची
चेतना


आमोदखेडे
६ एप्रिल २०२५

चि. चेतनास आशीर्वाद.

तुझं पत्र येण्याआधी तुझी तक्रार पोहोचली होती.

पोलीस आले ते फोटो हातात धरून. रमिलाबाई, तिचा मुलगा आणि आणखी दोन घरांतली माणसं नेली. मी मागोमाग ठाण्यात गेलो, हातोडा घेऊन. पायऱ्या चढलो. साहेबांच्या टेबलावर हातोडा ठेवला आणि म्हटलं, कुलूप याने तोडलंय, मी तोडलंय, लिहून घ्या. त्यांनी मला खुर्ची दिली, चहा मागवला. हवालदार आपल्याच भागातला. म्हणाला, "नाना, तुम्ही मोठा मानूस, कसाले यामा पडतस?" मी परत सांगितलं. ते म्हणाले, हो नाना, चहा घ्या. मी चहा पीत होतो तेव्हा रमिलाबाई समोरच्या भिंतीशी जमिनीवर बसलेली होती आणि माझ्याकडे बघत होती. नंतर त्यांनी हातोडा माझ्या हातात परत दिला आणि मोटारसायकलवरून मला घरी सोडलं. माणसं तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी जामीन झाला. तारखा आता चालत राहतील.

त्या आठवड्यात जेसीबी आला. वेलींना फुलं येऊन गेली होती, बोराएवढी फळं धरली होती. सगळं गाळात उलथून टाकलं आणि खांबांना तारेचं कुंपण घातलं.

मी भिलाटीत गेलो. रमिलाबाई दारात उभी होती, मला आत या म्हणाली नाही. ती म्हणाली, "नाना, तुम्ही आते मन्हा दारशी येऊ नका. तुम्ही येतस, मंग मांगून पोलीस येतस." एवढ्या वर्षांत त्या बाईने मला कधी ताकाशिवाय परत पाठवलं नव्हतं. मंगळवारी घर कुलपात घालून ती सगळ्यांना घेऊन गेली. ऊस तर आता संपत आला. म्हणतात सुरतेला इमारतीच्या कामावर गेली. तिथे कोण तिचं आहे, मला माहीत नाही.

तू माझं नाव झाकलंस आणि मी तुझं झाकलं. आपण दोघांनी एकमेकांना फार जपलं, चेतना. मला तुझा राग येतो, आणि तुझ्याइतकाच माझाही येतो. मी बारा वर्षं या संस्थेचा अध्यक्ष आहे, माझ्या शब्दावर माणसं बी आणतात, आणि माझी कबुली कुणी लिहून घ्यायला तयार नाही.

शुक्रवारी ग्रामसभा आहे. खांबांचं पुढे काय करायचं यावर गावाचं म्हणणं घ्यायचंय म्हणे. हेमांगीबाई पडदा लावणार आहेत, त्यावर आनेकेबाई आणि केनियाचे साहेब झ्वोल्याहून आणि नैरोबीहून बसतील. तुला बोलावलेलं नाही असं हेमांगीबाई म्हणाल्या. या वेळी दुभाषी मी ठरवलाय. खांडबाऱ्याच्या गौतमचंद शेठची नात मुस्कान, ती तिथे इंग्रजी शिकवते. तिला मी घरी बोलावून सगळं समजावून सांगितलं आणि बजावलं, मी जेवढी वाक्यं बोलेन तेवढीच तू बोलायचीस, एकही गाळायचं नाही. तळं का भरलं ते मी सांगणार आहे. कुलूप कुणी तोडलं ते सांगणार आहे. तुम्ही पहिल्यांदा येऊन गेलात तेव्हापासून तुमच्या चेतना पाटलीणबाईंना सगळं ठाऊक होतं, आणि ती माझी पुतणी आहे, माझ्याच घरात वाढली आहे, हेही सांगणार आहे. त्याशिवाय माझं बाकीचं कुणी खरं मानणार नाही, हे मी आता शिकलोय.

हे पत्र तुझ्या हातात पडेल तोवर ती सभा होऊन गेलेली असेल. तुझी नोकरी जाईल. रमिलाबाईचा गाळ परत मिळेल की नाही, ते मला सांगता येत नाही. कदाचित दोन्हीही जातील.

मोठी माय तुझ्या आखाजीच्या तयारीला लागली आहे, सांजोऱ्यांचा रवा आणून ठेवलाय. तिला मी काही सांगितलेलं नाही. शुक्रवारी ती बायकांत पुढेच बसलेली असेल, तेव्हा तिला कळेल.

नाना